ग्वाल्हेरचे पिस्तूल : जुने आणि नवे

ग्वाल्हेर म्हटले की मराठी मनापुढे महादजी शिंदे यांची फौज, तानसेनाची समाधी आणि उंच टेकडीवरील किल्ला उभा राहतो. परंतु या नगराच्या इतिहासात एका लहानशा शस्त्राचेही एक काळे पान आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी दिल्लीच्या बिर्ला भवनात नथुराम गोडसे याने महात्मा गांधींवर तीन गोळ्या झाडल्या. २० जानेवारीचा पहिला कट फसल्यावर गोडसे आणि आपटे भरवशाच्या शस्त्राच्या शोधात निघाले, आणि ते त्यांना २८ जानेवारीस ग्वाल्हेरात मिळाले.

ते इटलीतील बेरेटा कंपनीचे १९३४ च्या नमुन्याचे पिस्तूल होते. इटालियन सैन्यासाठी घडवलेल्या या पिस्तुलाची लांबी जेमतेम वीतभर, रिकामे वजन सुमारे साडेसहाशे ग्रॅम आणि मुठीतील पेटीत काडतुसे सात. ते अर्धस्वयंचलित होते. म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटे, आणि त्या धक्क्याच्याच बळावर पुढचे काडतूस आपोआप नळीत चढे. काडतूस आखूड व बेताच्या जोराचे असल्याने वरच्या सरकत्या भागाचे वजन आणि एक स्प्रिंग एवढ्यावर काम भागत असे. भाग थोडे, म्हणून बिघाडही थोडा.

आता आजचे पिस्तूल पाहू. ऑस्ट्रियात १९८२ साली पुढे आलेल्या ग्लॉक १७ चा सांगाडा पोलादाऐवजी कणखर प्लास्टिकचा आहे. त्यात सतरा काडतुसे मावतात, तरीही रिकामे वजन जुन्याच्या जवळपासच भरते. गोळीचा व्यास तोच, नऊ मिलिमीटर; पण काडतूस लांब आणि जोर कितीतरी अधिक. तो जोर सोसण्यासाठी नळी आणि सरकता भाग क्षणभर एकमेकांत अडकून मागे जातात व मग सुटे होतात. जुन्या पिस्तुलाचा खटका हाताने फिरवावा लागे. नव्यात चाप पुरता ओढल्याखेरीज आतली सुई पुढे जाऊच शकत नाही. हातून पडले तरी ते सहसा उडत नाही.

तथापि हा फरक वाटतो तेवढा मूलगामी नाही. नळी व सरकता भाग अडकवण्याची ही युक्ती १९३५ च्या ब्राउनिंग पिस्तुलात होतीच. आपल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेले तेरा गोळ्यांचे लष्करी पिस्तूलही त्याच ब्राउनिंगचे वंशज. यंत्राने आपल्या धन्याच्या हातून होणारा अपघात टाळण्यात पुष्कळ प्रगती केली. धन्याच्या मनातला हेतू ओळखण्यात मात्र तसूभरही नाही. सात गोळ्यांपैकी तीनच पुरल्या, हे विसरता येत नाही.

म्हणून खरी तुलना कायद्याची करावयास हवी. १८७८ चा शस्त्र कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. संस्थाने त्याच्या कक्षेबाहेर होती. जानेवारी १९४८ मध्ये ग्वाल्हेर मध्यभारत संघात विलीनही झालेले नव्हते. ते पिस्तूल ग्वाल्हेरात हातोहात फिरले. ते मिळवून दिल्याच्या आरोपावरून विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेले डॉ. दत्तात्रेय परचुरे १९४९ साली उच्च न्यायालयात निर्दोष सुटले. पुढे १९५९ च्या शस्त्र कायद्याने साऱ्या देशास एक नियम लावला : परवान्यावाचून शस्त्र नाही, आणि ओळखक्रमांकावाचून त्याची विक्री नाही.

आज ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे अधिकारी शिक्षण घेतात. अशा ठिकाणी प्रत्येक शस्त्र सही घेऊन दिले जाते आणि मोजून परत घेतले जाते. पिस्तूल जुने असो वा नवे, ते कोणाच्या हाती आहे याचा जाब विचारणारी ती साधी नोंदवहीच समाजाचा खरा खटका होय. तिच्यातील एक ओळ कोरी राहिली, तर राष्ट्राला केवढी किंमत मोजावी लागते, हे ग्वाल्हेरच्या त्या पानावर लिहिलेले आहे.