पेठेची सुधारणा आणि गंगारामांचा चहा

नगरपालिकेने 'सुधारणा' हा शब्द उच्चारला की आमच्या घरात आजही सगळे सावध होतात. २००४ साली आमच्या तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडसमोरच्या चौकाचे सुशोभीकरण झाले. तेव्हा मी दहावीत होतो. त्या चौकात माझ्या बापाचा चहाचा गाडा होता. गाडा म्हणजे चार चाकांवरची एक फळी, एक रॉकेलचा स्टोव्ह आणि डझनभर काचेचे पेले. त्या फळीवर आम्हा तिघा भावंडांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघत असे. चौकात कारंजे आले, फरशी आली आणि गाडा गेला. मागे मासळीबाजाराच्या बोळात 'पर्यायी जागा' मिळाली. तिथे आठ महिन्यांत धंदा बसला आणि बाप गवंड्याच्या हाताखाली गेला.

पुष्कळ वर्षे मला वाटत होते की जागा आडबाजूची होती म्हणून धंदा बसला. इतिहास शिकवू लागल्यावर कळले की कारण तेवढेच नव्हते. स्टँडवरचे गिऱ्हाईक परगावचे होते. गाडी सुटायच्या आत घोटभर चहा हवा एवढीच त्याची गरज, चहा देणाऱ्याचे आडनाव त्याला ठाऊक नव्हते. बोळातले गिऱ्हाईक गावातले होते. त्याला आडनावही ठाऊक होते आणि वस्तीही. चहा तोच होता, दूध तेच होते, पण पिणारे हात थांबले. सुधारणेने आमच्या बापाला अनोळखी माणसांतून उचलून ओळखीच्या माणसांत नेऊन ठेवले, आणि या देशात दलिताच्या धंद्याला ओळख हीच मारक ठरते. नव्या व्यापारी संकुलात एक गाळा मागासवर्गीयांसाठी राखीव होता. त्याची पाटी आमच्यातल्या एकाच्या नावाची लागली, पण गल्ल्यावर दुसराच बसला. अनामत भरण्याची ऐपत असलेल्याने नाव भाड्याने घेतले होते.

ही एका घराची तक्रार म्हणून मी सांगत नाही. छोट्या शहरांची पेठ सुधारायची, व्यापार वाढवायचा, असे बेत आज गावोगाव चालू आहेत. आपल्यातले नगरसेवकही त्यांत हात वर करतात. अशा वेळी पेठ म्हणजे काय आणि ती कोणाची, याचा इतिहास आपणच तपासला पाहिजे. त्यासाठी मी दोन गावे घेतो, कोल्हापूर आणि महाड.

*

कोल्हापूरला १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. १८९४ मध्ये शाहू छत्रपती गादीवर आले आणि १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. स्टेशन जवळ, मोकळी जमीन, व्यापाऱ्यांना सवलती, आणि पाठीशी पंचगंगेच्या खोऱ्यातला ऊस. गुळाचा व्यापार तिथे जमला आणि कोल्हापूरचा गूळ दूरवर गेला. १९०६ मध्ये कापडगिरणीची पायाभरणी झाली. पुढे भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम सुरू झाले. जयसिंगपूर ही आणखी एक पेठ वसली. शहराचा आर्थिक विकास म्हणजे काय हे त्या काळच्या संस्थानिकांत या राजाइतके फार थोड्यांना कळले होते. रस्ता, रेल्वे, पाणी आणि बाजार यांची सांगड घातल्याशिवाय पेठ उभी राहत नाही, हे त्याने करून दाखवले.

पण आपण आपला प्रश्न विचारू. या पेठेत महार, मांग, चांभार, ढोर कुठे होते? होते, जरूर होते. पेठ झाडायला होते, ओझी वाहायला होते, कातडे कमवायला आणि पायताण शिवायला होते. गावगाड्याने त्यांना जे काम वाटून दिले होते तेच काम पेठेने त्यांच्याकडून रोख पैशात घेतले. रोख पैसा ही लहान गोष्ट नव्हे. बलुत्याच्या पेंढीपेक्षा हातावर पडलेला आणा माणसाला ताठ करतो. परंतु गादीवर बसून माल विकणे आणि त्या गादीखाली माल वाहून आणणे यांतले अंतर तसेच राहिले. भूखंड आखताना जातीचा उल्लेख करावा लागत नाही. भांडवल, पत आणि नातेगोते ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे भूखंड आपोआप जातात.

शाहू महाराजांचे मोठेपण असे की पेठ वसवून ते थांबले नाहीत. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखल्या. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९१८ मध्ये महार वतनाची बेडी त्यांनी तोडली. हे शेवटचे पाऊल पेठेच्या दृष्टीने मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याचे सबंध घर वतनापायी कोणत्याही घटकेला वेठीला धरले जाते, तो माणूस दुकान उघडणार केव्हा आणि बंद करणार केव्हा? धंद्याला आधी स्वतःचा वेळ स्वतःच्या मालकीचा असावा लागतो.

*

आता गंगाराम कांबळे यांच्याकडे येऊ. ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी भाषणांतून ऐकली असेल. पण ती राजाच्या दयाळूपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मी ती अर्थशास्त्राची गोष्ट म्हणून वाचतो.

गंगाराम सरकारी पागेत नोकरीला होते. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज तेव्हा परगावी होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितले की नोकरी सोड, स्वतंत्र धंदा कर. मदतही केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले आणि त्याला नाव दिले 'सत्यसुधारक'.

भर रस्त्यावर हॉटेल होते, पाटी होती, हाती भांडवल होते. नव्हते ते गिऱ्हाईक. महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? आजच्या कोणत्याही विकास योजनेच्या भाषेत बोलायचे तर लाभार्थ्याला जागा मिळाली होती, अर्थसाहाय्य मिळाले होते, कागद पूर्ण झाला होता. त्यानंतर धंदा बुडाला असता, तर 'या लोकांना धंदा जमत नाही' असा शेरा मारून फाइल बंद झाली असती.

महाराजांनी फाइल बंद केली नाही. ते गाडी घेऊन हॉटेलापाशी जाऊन थांबू लागले, गंगारामांच्या हातचा चहा पिऊ लागले, आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. राजा जे पितो ते सरदार नाकारणार कसे? या एका कृतीने त्यांनी पेठेचे मर्म उघडे केले. दुकान म्हणजे भिंती नव्हेत. दुकान म्हणजे विकणाऱ्याच्या हातावर घेणाऱ्याचा विश्वास. जातीने तो विश्वास आधीच वाटून ठेवलेला आहे, काहींना जन्मतःच पत आणि काहींना जन्मतःच विटाळ. ही वाटणी मोडल्याशिवाय दिलेले कर्ज आणि दिलेला गाळा दोन्ही पाण्यात जातात. माझ्या बापाला मासळीबाजाराच्या बोळात जागा देणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून त्यांना त्याचे काही वाटले नाही.

तरीही या हकीकतीची मर्यादा सांगितलीच पाहिजे. ज्या धंद्याला उभे राहण्यासाठी राजाची गाडी दारात थांबावी लागते, त्याचे आयुष्य राजाच्या इच्छेएवढे. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्यांचे स्मारक उभारायला गंगारामांनीच पुढाकार घेतला, यात केवढी कृतज्ञता आहे! पण कृतज्ञता हा हक्काला पर्याय नव्हे. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत अस्पृश्यांना त्यांचा पुढारी मिळाला अशी जाहीर ग्वाही खुद्द महाराजांनी दिली. ते पुढारी बाबासाहेब आंबेडकर होते. कृपेकडून हक्काकडे जाणारा रस्ता आपला राजाच दाखवून गेला, असे मी त्या प्रसंगाकडे पाहतो.

*

तो रस्ता महाडला पोचला. महाड हे सावित्रीकाठचे व्यापारी गाव. आसपासच्या खेड्यांतले अस्पृश्य तिथे बाजाराला येत, गावकीच्या कामासाठी येत. उन्हातान्हात चालत आलेल्या माणसाला चवदार तळ्याचे पाणी मना होते. पाणी हवे तर दूर अस्पृश्य वस्तीतल्या विहिरीवर जायचे. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण समतेचा संगर म्हणून स्मरतो, आणि तो तसाच होता. पण तो पेठेचाही प्रश्न होता हे विसरू नये. ज्या बाजारात तुमचा पैसा चालतो पण तुमची तहान चालत नाही, त्या बाजारात तुम्ही गिऱ्हाईक आहात की वेठबिगार?

इथे नगरपालिकेचे वर्तन पाहण्यासारखे आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सुधारणा झाली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांसह तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा डोकी फुटली, आणि ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. कोल्हापुरात कागदामागे सत्ता उभी होती म्हणून चहा खपला. महाडात कागदामागे कोणी नव्हते म्हणून माणसांना स्वतः उभे राहावे लागले.

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. मला तो उल्लेख वाचताना नेहमी भाऊसिंगजी रोड आणि चवदार तळे दिसते. मात्र तिथेही एक गोष्ट उरते. दलिताला दुकानात शिरण्याचा हक्क कायदा देऊ शकतो, पण दलिताच्या दुकानात शिरायला कायदा कोणाला भाग पाडू शकत नाही. ती लढाई पेठेच्या रचनेत आणि समाजाच्या मनात लढावी लागते.

*

आज हत्यारे आहेत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांत आपल्या राखीव जागा आहेत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने पथविक्रेत्यांच्या समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडलेले असावेत असे म्हटले आहे आणि त्यांत अनुसूचित जातींना प्रतिनिधित्व देण्यास सांगितले आहे. किती गावांत आपल्या कार्यकर्त्यांनी ही समिती मागितली? किती नगरसेवकांनी सुशोभीकरणाचा नकाशा हातात घेऊन, या चौकातून कोणाचे गाडे उठणार आणि ते नेमके कुठे बसणार, असा प्रश्न सभागृहात विचारला? आपण चौकाला नाव देण्यासाठी मोर्चे काढले, तेही आवश्यक होते. पण नाव बाबासाहेबांचे आणि गाळे भलत्यांचे, अशी पेठ आपल्याच डोळ्यांदेखत उभी राहते आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक काम देतो. आपल्या गावच्या मुख्य रस्त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे, आणि आपल्या माणसांची दुकाने किती आणि कोणत्या मालाची ते लिहून आणायचे. चपलांची, केरसुण्यांची, बँडची दुकाने वहीत येतात. खाण्यापिण्याच्या दुकानांपाशी पोरे अडखळतात. गेल्या वर्षी एका मुलीने वहीचा तो रकाना कोराच ठेवला आणि खाली लिहिले, 'सर, एक चहाचा गाडा होता असे माझी आजी सांगते. स्टँडसमोर.'

तो रकाना मी अजून तपासलेला नाही.