पुष्पचर भुंगेरे आणि त्यांचे सहचर यीस्ट : एका संशोधनाचा इतिहास

यीस्टचा शास्त्रीय इतिहास बहुतांशी मद्यनिर्मितीच्या इतिहासाशी निगडित आहे. पिंपातील आंबणाऱ्या रसाकडे संशोधकांचे जितके लक्ष गेले, तितके ह्या एकपेशीय कवकांच्या निसर्गातील वसतिस्थानांकडे गेले नाही. फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांच्या सहवासातील यीस्टचा अभ्यास ह्या उपेक्षित बाजूचा आहे. यीस्टची एक जाती दुसरीहून वेगळी कशी ओळखावी, ह्या मूलभूत प्रश्नावरही त्याने प्रकाश टाकला आहे.

मकरंदात यीस्ट असते व कीटक त्याची ने-आण करतात, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लेऑन बुत्रू ह्या फ्रेंच संशोधकांनी मांडला होता. त्याच सुमारास, १८८४ साली, एल्या मेचनिकॉफ यांनी डॅफ्निया ह्या पाणपिसवेच्या शरीरात सुईसारखी बीजुके असलेले एक परोपजीवी यीस्ट वर्णिले. गिळलेली बीजुके आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात आणि रक्तातील पेशी त्यांना वेढून नष्ट करू पाहतात, हे त्यांचे निरीक्षण पेशीभक्षणाच्या सिद्धांताचा एक आधार बनले. १९०८ साली त्यांना पाउल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मेचनिकॉफ यांनी यीस्टला दिलेले मोनोस्पोरा हे प्रजातिनाम टिकले नाही. १८९९ साली कामियेन्स्की यांनी तिला मेचनिकोविया हे नाव दिले.

पाणपिसवेच्या शरीरातील यीस्ट आणि फुलातील यीस्ट यांचा संबंध उमगण्यास मात्र दीर्घ काळ लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्र्युस यांनी मकरंदातील एका यीस्टला ॲन्थोमायसीस रॉयकौफी असे नाव दिले. पुढे ह्या यीस्टची गणना कँडिडा ह्या प्रजातीत होऊ लागली. बीजुके न आढळलेल्या यीस्टचा समावेश ह्या प्रजातीत करण्याची रूढी होती. त्यामुळे तीत परस्परांशी नाते नसलेल्या अनेक जाती एकत्र आल्या. १९६८ साली पिट व मिलर यांनी ह्या यीस्टमध्ये बीजुकनिर्मिती दाखवून त्याचे स्थान मेचनिकोवियात असल्याचे सिद्ध केले. सूच्याकार बीजुके हा दोहोंना जोडणारा दुवा ठरला.

ह्यानंतरचा प्रश्न वाहकाचा होता. जास्वंदीच्या व गारवेलीच्या प्रजातींतील पुष्कळ फुले एकच दिवस टिकतात. अशा फुलात वाढणाऱ्या यीस्टला ते कोमेजण्यापूर्वी दुसऱ्या फुलापर्यंत नेणारा कोणी तरी हवा. १९९० साली लाशांस, स्टार्मर व फाफ यांनी हवाई बेटांतील गारवेलीवरून मेचनिकोविया हवाईएन्सिस ही जाती वर्णिली, तेव्हा तिचा संबंध ड्रॉसोफिला कुलातील माश्यांशी जोडला गेला. पुढील दशकातील संशोधनाने लक्ष निटिड्युलिडी कुलातील लहानशा भुंगेऱ्यांकडे वळविले. अभ्यासाची रीत साधी होती. फुलातून पकडलेला कीटक पोषक आगरावर चालू द्यावयाचा. त्याच्या पावलांच्या मागावर काही दिवसांत यीस्टच्या वसाहती उगवत.

१९९८ साली निटिड्युलिड भुंगेऱ्यांवरून मेचनिकोविया काँटिनेंटालिस ही जाती वर्णिली गेली, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील जास्वंदीवरून मेचनिकोविया हिबिस्की ही जाती पुढे आली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात अल्पायुषी फुलांतील यीस्टसमूहांच्या घडणीत भूगोलाचे महत्त्व स्पष्ट झाले. अमेरिकेत कोनोटेलस प्रजातीच्या भुंगेऱ्यांबरोबर मोठ्या बीजुकांच्या मेचनिकोविया जाती विपुल आढळतात, तर ऑस्ट्रेलियात एथिना प्रजातीच्या भुंगेऱ्यांबरोबर कोडामिया प्रजातीची यीस्ट ठळकपणे दिसतात. सारखीच फुले असूनही रहिवासी निराळे, कारण त्यांना आणणारे कीटक निराळे.

जातीचा प्रश्नही येथेच उभा राहिला. मोठ्या बीजुकांच्या ह्या जाती शर्करांच्या वापराच्या नेहमीच्या कसोट्यांत जवळजवळ सारख्याच दिसतात; म्हणून केवळ त्या कसोट्यांवर त्यांची विभागणी करणे अवघड होते. परंतु ह्या यीस्टमध्ये दोन मिलनप्रकार असून भिन्न प्रकारांच्या संयोगानेच बीजुके तयार होतात. त्यामुळे संकराची कसोटी वापरता आली. निकटच्या जातींत मिलनाला आरंभ होतो, पण सुफल संतती सामान्यतः निपजत नाही. ह्याच आधारावर १९९८ साली काँटिनेंटालिसचा उपप्रकार मानलेले बोरेआलिस २००४ साली मारिनोनी व लाशांस यांनी स्वतंत्र जाती ठरविले. २००५ साली हवाईतील स्थानिक निटिड्युलिड भुंगेऱ्यांवरून तेथल्याच तीन जाती वर्णिल्या गेल्या.

ह्या इतिहासाचे महत्त्व फुलांपुरते मर्यादित नाही. २००५ साली सुह व सहकाऱ्यांनी मुख्यतः कवकभक्षक भुंगेऱ्यांच्या आतड्यांतून ६५० हून अधिक यीस्ट मिळविली. त्यांतील किमान २०० जाती पूर्वी अवर्णित होत्या. भुंगेऱ्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या यीस्टचा मोठा भाग अज्ञातच होता, हे त्यावरून उघड झाले. मेचनिकोवियाच्या बाबतीत बीजुके पाहिल्याने प्रजाती कळली, संकराने जाती कळली आणि कीटकाची गाठ पडल्यावर त्या जातीच्या प्रसाराचा उलगडा झाला. ज्या प्रदेशात फुलांवरील कीटक नष्ट होतात, तेथे त्यांच्याबरोबर नाव मिळण्यापूर्वीच लोपणाऱ्या यीस्टची गणना मात्र कोणत्याही नोंदवहीत होत नाही.