घरात आलेली सुई

पूर्वी सुई टोचून घ्यायची म्हणजे दवाखान्यात जावे लागे. कंपाउंडर स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळत ठेवी, डॉक्टर कुपीतून औषध ओढीत आणि रोगी तोंड दुसरीकडे फिरवी. सुई ही डॉक्टरांच्याच हातची, असा आपला समज. आता मात्र वजन उतरविण्याची अशी औषधे निघाली आहेत की, ती आठवड्यातून एकदा, घरच्या घरी, आपली आपणच टोचून घ्यावयाची असतात. २०२५ साली ती आपल्या देशात या कामासाठी रीतसर मिळू लागली. तेव्हा ही सुई डॉक्टरांच्या हातून आपल्या हाती कशी आली आणि येताना तिने कोणते धडे दिले, हे आज पाहू या.

ही गोष्ट सुरू होते कॅनडातल्या टोरांटो शहरी. जानेवारी १९२२ मध्ये तिथल्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मधुमेहाने मरणपंथास लागला होता. वजन उरले होते अवघे तीस किलोच्या आसपास. बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला इन्शुलिनचा अर्क ११ जानेवारीला त्याला टोचला, पण तो पुरेसा शुद्ध नव्हता. कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केला, २३ तारखेपासून पुन्हा टोचला आणि मुलगा सावरला. पुढे तो तेरा वर्षे जगला. पण एक अडचण उभी राहिली. इन्शुलिनने मधुमेह बरा होत नाही; ते रोज घ्यावे लागते, जन्मभर. रोज रोज डॉक्टर कुठून आणायचा? म्हणून सुई रोग्याच्या हाती द्यावी लागली.

हे काम सोपे नव्हते. घरोघरी सिरिंज उकळावी लागे. सुई बोथट झाली की दगडावर घासून तिला धार लावावी लागे. बोस्टनचे डॉक्टर इलियट जोस्लिन यांनी तेव्हा एक मोठी गोष्ट ओळखली. रोग्याला नुसते औषध देऊन भागणार नाही, त्याला शिकवले पाहिजे. माप कसे घ्यावे, कुठे टोचावे, साखर फार उतरली तर काय करावे, हे सारे रोग्यांना आणि परिचारिकांना शिकविण्याची त्यांनी पद्धत घातली. घरातल्या सुईचा पहिला धडा तो हा: शिकल्याशिवाय सुई हाती घेऊ नये.

दुसरा धडा मापाचा, आणि तो फार महाग पडला. इन्शुलिन निरनिराळ्या ताकदीचे निघे. एका मिलिलिटरमध्ये कधी २० युनिट, कधी ४०, कधी ८०. सिरिंजवरच्या खुणा आणि कुपीची ताकद यांचा मेळ रोग्याने घालायचा. तो चुकला की साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडे. या घोटाळ्याला कंटाळून ब्रिटनने १९८३ साली १०० युनिटची एकच ताकद ठरवली. आपल्याकडे अजून ४० आणि १०० अशा दोन्ही ताकदी चालतात. म्हणून ४०च्या सिरिंजला लाल टोपण आणि १००च्या सिरिंजला नारिंगी टोपण असते. लाल टोपणाच्या सिरिंजने १०० ताकदीचे औषध वीसच्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात वीस नव्हे, पन्नास युनिट जातात. हिशेब साधा आहे, पण तो न केल्याने माणसे दगावू शकतात.

आता वजनाकडे वळू. झटपट बारीक करणाऱ्या औषधांचा इतिहास फारसा चांगला नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नावाच्या रसायनाशी संबंध आलेले कामगार झपाट्याने रोडावत, असे आढळले होते. १९३३ साली अमेरिकेत तेच रसायन वजन उतरविण्याचे औषध म्हणून पुढे आले आणि हातोहात खपले. लवकरच कित्येकांना मोतीबिंदू झाले, काही जण अंगाचा ताप भडकून मेले. १९३८ मध्ये ते माणसाच्या सेवनास अयोग्य ठरले. पुढे फेनफ्लुरामिन आले. त्याने हृदयाच्या झडपा बिघडतात असे दिसले, तेव्हा १९९७ मध्ये तेही बाजारातून काढून घ्यावे लागले. तिसरा धडा हा: बारीक होण्याच्या घाईत माणूस चौकशी करायला विसरतो.

मग आजची औषधे त्यांतलीच समजायची का? नाही. त्यांची जात वेगळी आहे. जेवण झाले की आपल्या आतड्यांतून जीएलपी-१ नावाचा एक रस रक्तात जातो. तो इन्शुलिनला चालना देतो, जठर सावकाश रिकामे होऊ देतो आणि 'पोट भरलं' असे मेंदूला कळवतो. पण तो एकदोन मिनिटांतच नाहीसा होतो. अमेरिकेच्या वाळवंटी भागात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा आहे. त्याच्या विषात या रसासारखाच, पण टिकाऊ पदार्थ डॉ. जॉन एंग यांना सापडला. ते संशोधन १९९२ साली प्रसिद्ध झाले. त्यातून २००५ मध्ये मधुमेहावरचे एक्झेनाटाइड आले. नंतर माणसाच्याच रसात थोडा फेरफार करून लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड ही औषधे झाली. अमेरिकेत वजनासाठी पहिले २०१४ साली, तर आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे दुसरे २०२१ साली मंजूर झाले. टिरझेपाटाइड त्यानंतरचे. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी जवळजवळ १५ टक्क्यांनी उतरले. गुण खराच आहे. पण औषध सोडल्यावर वर्षभरात त्यातले दोनतृतीयांश वजन परत आले, हेही त्याच लोकांत दिसले.

औषध नवे, पण चुका जुन्याच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये इशारा दिला की, मोठ्या कुपीतून सेमाग्लुटाइड स्वतः ओढून घेणाऱ्या काही लोकांनी ठरल्यापेक्षा पाचपट ते वीसपट औषध टोचून घेतले. मिलिग्रॅम म्हणजे औषधाचे वजन, मिलिलिटर म्हणजे द्रवाचे माप आणि युनिट म्हणजे इन्शुलिनच्या सिरिंजवरची खूण. या तिन्हींची त्यांनी गल्लत केली होती. ऑस्ट्रियात २०२३ साली बनावट पेन टोचून काही जण रुग्णालयात पोचले; त्या पेनांत इन्शुलिन असावे असा संशय आला. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बनावट मालाविषयी सावध केले.

तेव्हा या इतिहासावरून घरापुरते नियम काय निघतात?

पहिले, हे औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये. ते लग्नात बारीक दिसण्यासाठी नाही. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो ३० किंवा अधिक असेल, अथवा २७ किंवा अधिक असून मधुमेह, रक्तदाब असा आजार असेल, अशांसाठी ते आहे. गरोदरपण, पूर्वी स्वादुपिंडाला आलेली सूज, घरात कोणाला झालेला थायरॉइडचा कर्करोग, हे सारे डॉक्टरांना आधी सांगावे. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. नाहीतर साखर फार उतरते.

दुसरे, पहिली सुई डॉक्टर किंवा परिचारिका यांच्यासमोर घ्यावी. पोटावर बेंबीपासून चार बोटे दूर किंवा मांडीवर टोचावे आणि दर खेपेला जागा बदलावी. मात्रा लहानापासून सुरू होते आणि काही आठवड्यांनी वाढते. आपल्या मनाने वाढवू नये. एखादा आठवडा चुकला तर दोन मात्रा एकदम घेऊ नयेत. सुई बदलली तरी एकाचे पेन दुसऱ्याने वापरू नये, मग ती सख्खी बहीण का असेना.

तिसरे, औषध फ्रिजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेले औषध टाकून द्यावे. वीज जाते म्हणून पुष्कळ घरी इन्शुलिन मातीच्या मडक्यात ठेवतात. या औषधाला ते चालेल असे धरून चालू नये; थंडाव्याबाहेर किती दिवस टिकते ते प्रत्येकाच्या पत्रकात लिहिलेले असते. वापरलेली सुई उकिरड्यावर टाकू नये. तिथे अनवाणी पोरं खेळतात. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवून ती दवाखान्यात द्यावी.

मळमळ आणि उलटी पहिल्या दिवसांत बऱ्याच जणांना होते. थोडे थोडे खावे, पाणी पीत राहावे. पण उलट्या थांबेनात, किंवा पोटातली जोराची कळ पाठीकडे जाऊ लागली, तर पुढची सुई न घेता डॉक्टर गाठावा. उन्हात शेतावर राबणाऱ्याने आणि उपासतापास करणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण अंगातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडांवर ताण येतो.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. औषधाबरोबर येणारे पत्रक बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते. गावात ते वाचून घ्यायला लोक तुमच्याकडेच येतील. तेव्हा 'डॉक्टरांनाच विचारा' म्हणून परत पाठवू नका. मात्रा किती मिलिग्रॅमची, ती आठवड्यातून कितीदा, ठेवायची कुठे, एवढे मोठ्या अक्षरात मराठीत लिहून द्या आणि काही अडले तर त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावा. शंभर वर्षांपूर्वी जोस्लिन यांनी हेच केले होते. सुई घरात आली आहे, ती आता परत जायची नाही. तिच्यामागून शिकवणही घरात यावी, एवढेच पाहायचे.