काळजाचा तुकडा

मटणाच्या दुकानात जिला कलेजी म्हणतात, तेच आपले काळीज, म्हणजे यकृत. बोलताना आपण ते हृदयाच्या जागी नेऊन बसवले, ही गोष्ट वेगळी. मुलाला आपण काळजाचा तुकडा म्हणतो. जुलै १९८९ मध्ये एका जपानी आईने हा तुकडा आपल्या तान्ह्या मुलाला खरोखरच दिला, आणि तोही ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला जाऊन. रसेल स्ट्राँग या सर्जनने केलेले हे प्रत्यारोपण जिवंत दात्याकडून झालेले जगातले पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण. त्याआधी डिसेंबर १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये साओ पाउलोला सिल्व्हानो राया यांनी प्रयत्न केला होता, पण ती मुलगी वाचली नाही.

जपानसारख्या पुढारलेल्या देशातल्या आईला इतक्या लांब का जावे लागले? त्याचे उत्तर १९६८ मध्ये आहे. त्या वर्षी साप्पोरोला वादा नावाच्या सर्जनने हृदय प्रत्यारोपण केले. रोगी ८३ दिवस जगला. पण ज्या बुडालेल्या तरुणाचे हृदय काढले, तो खरेच मेला होता का, अशी शंका निघाली आणि प्रकरण खुनाच्या तक्रारीपर्यंत गेले. खटला उभा राहिला नाही, पण लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. मेंदूमृत माणसाचे अवयव घेण्याचा कायदा तिथे यायला १९९७ उजाडले. तोवर जन्मतः पित्तनलिका बंद असलेल्या बाळांनी काय करायचे? आईबाप पुढे आले. नोव्हेंबर १९८९ मध्ये शिमाने इथे एका वडिलांनी मुलाला यकृत दिले, १९९० पासून क्योटोला हे काम नियमित सुरू झाले. एका अविश्वासातून ही विद्या जपानात वाढली, याची मला फार गंमत वाटते. गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही.

शाळेत 'शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी' एवढे सांगून आम्ही यकृत संपवत असू. कापल्यावर उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून बराचसा भरून येतो, ही खरी नवलाची गोष्ट राहूनच जाई.

बाळाला डावीकडचा लहान भाग पुरतो. मोठ्या माणसाचे तेवढ्यावर भागत नाही. १९९३ मध्ये जपानातच माकुउची यांनी अख्खा डावा खंड प्रौढाला दिला, तर १९९६ मध्ये हाँगकाँगला फॅन यांनी उजवा. उजवा म्हणजे जवळजवळ साठ टक्के यकृत! इथून देणाऱ्याचा धोका वाढला. जानेवारी २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भावाला यकृताचा भाग देणारा धडधाकट माणूस शस्त्रक्रियेनंतर दगावला, आणि तिथल्या त्या रुग्णालयाला हे काम काही काळ थांबवावे लागले.

आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत वडिलांनी दोन वर्षांच्या आतल्या मुलाला यकृताचा भाग दिला. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला. आज भारतात होणारी बहुतेक यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडूनच होतात, कारण मेंदूमृत दाते फार थोडे. पण देणाऱ्यांत बायकाच जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष. बायको, आई, बहीण. कायद्यात जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. ती मिळतेही, पण स्वयंपाकघरात ती कशी मिळते हे कायद्याला कुठून दिसणार?

शिकागोच्या सर्जनांनी १९८९ मध्ये पहिली शस्त्रक्रिया करण्याआधी त्यातला नैतिक प्रश्न जाहीरपणे मांडला होता. दात्याची संमती दोनदा घ्यायची, आणि दात्याच्या बाजूने बोलणारा डॉक्टर वेगळा ठेवायचा. मला ही पद्धत फार आवडली. आपल्या नात्यात कधी अशी वेळ आली, तर घरच्यांना बाहेर बसवून त्या बाईशी एकटीशी कोणी बोलले का, हे मी आधी विचारीन. राग आला तरी चालेल.