बोट थांबायची ती गावे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी राहतो तळवड्याला. देहूच्या अलीकडे, इंद्रायणीकाठी. गाव म्हणायचे ते आता केवळ सवयीने. एकीकडे आयटी पार्क, दुसरीकडे लहानमोठे कारखाने आणि रस्त्यावर चाकणकडे निघालेल्या कंटेनरांची रांग. यातले बरेच कंटेनर घाट उतरून न्हावाशेव्याला जातात. समुद्राशी या गावाचा संबंध काय तो एवढाच.

२०१८ साली माझ्या मुलाने बातमी आणली. ‘अब्बा, मुंबई-गोवा बोट पुन्हा सुरू झाली. क्रूझ आहे. आंग्रिया नाव आहे तिचे. जाऊ या का?’

मी विचारले, ‘थांबते कुठे कुठे?’

त्याने मोबाइलमध्ये पाहिले. ‘थांबायचे कशाला? दुपारनंतर मुंबई सोडायची, सकाळी गोवा.’

का कोण जाणे, माझा उत्साह मावळला. पुढे कोरोनाच्या काळात ती बोटही बंद पडली आणि आमचे जायचे राहूनच गेले. पण ‘थांबायचे कशाला’ हा त्याचा प्रश्न डोक्यात राहिला. आज जे बोलणार आहे ते त्या प्रश्नाचे उत्तर समजा.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, दाभोळच्या बाजूचे. कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटींवर ते खलाशी होते, पुढे सारंग झाले. नातवंडांना गोष्टी सांगणारा हा माणूस नव्हे. पण झोपताना आम्ही हट्ट केला की ते बंदरांची नावे म्हणत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, पणजी. कुठले नाव लांबवायचे, कुठे श्वास घ्यायचा, हे ठरलेले. मला पाढे नीट आले नाहीत, ही नावे मात्र आली.

आगबोट या बंदरांत थांबायची म्हणजे काय व्हायचे, हे नव्या पिढीला सांगावे लागते. बहुतेक ठिकाणी बोट काठाला लागत नसे. खाडीच्या तोंडाशी गाळ, आत पाणी उथळ. बोट बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. हलत्या बोटीवरून हलत्या पडावात उतरायचे. खाली हात पसरून उभा असलेला खलाशी कोणाचा कोण, हे त्या क्षणी कुणी विचारत नसे. आधी पोर खाली द्यायचे, मग गाठोडे, मग आपण. पडावही काठापर्यंत पोचत नसे. शेवटचे पाणी चालत किंवा कुणाच्या तरी खांद्यावरून. म्हाताऱ्याकोताऱ्यांना नानांनी असे किती उतरवले असेल त्याचा हिशेब नाही. पावसाळ्यात हा सगळा व्यवहार बंद. मृग लागायच्या आत चाकरमान्याने घर गाठायचे, नाही तर नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळेपर्यंत थांबायचे.

पण आगबोट ही अगदी अलीकडची गोष्ट. ती ज्या क्रमाने थांबायची, त्या किनाऱ्यावर त्याच्या हजार वर्षे आधीही जहाजे थांबतच होती. अलिबागजवळचे चौल घ्या. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी हा अरब प्रवासी तिथे आला होता. चौलात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे तो लिहितो. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे. काही इथेच जन्मलेले. म्हणजे व्यापाराला आलेली माणसे इथे थांबली, घरे केली, मुलेबाळे झाली. महमूद गझनीचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. मुसलमान महाराष्ट्रात तलवार घेऊन आला एवढेच ज्यांना ठाऊक असते, त्यांना मी चौलचे नाव सांगतो. तो आधी मालाचा हिशेब घेऊन आला, आणि हवा बदलेपर्यंत त्याला थांबावे लागले. वारा पश्चिमेकडून वाहू लागला की यायचे, उलटला की जायचे. मधले महिने बंदरातच.

भाषेतही तो मुक्काम राहिला आहे. ‘बंदर’ फारसी, ‘दर्या’ फारसी. सुकाणू हा अरबी ‘सुक्कान’. आणि आपल्या कोळीगीतांतला नाखवा म्हणजे फारसीतला ‘नाखुदा’, नावेचा धनी. माझे कविमित्र मला कधी कधी विचारतात, तुम्ही उर्दूत का लिहीत नाही? मी म्हणतो, नाखवाला विचारा.

दाभोळ हे नानांचे गाव म्हणून जरा अधिक बोलतो. बहमनी आणि मग आदिलशाही काळात दाभोळ हे दख्खनचे मोठे दार होते. अरबस्तान-इराणचे घोडे इथे उतरत आणि घाट चढून वर जात. हाजी इथून मक्केला निघत. १५०८ च्या डिसेंबरअखेर फ्रान्सिस्को द आल्मेदा या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हे शहर लुटून जाळले, इतके क्रूरपणे की त्याची आठवण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहिली. तरी ते पुन्हा उभे राहिले. आज तिथे सतराव्या शतकातली एक देखणी मशीद आहे, विजापुरी घडणीची, घुमट आणि मिनार असलेली. तिची गोष्ट अशी सांगतात की, विजापूरची एक शाहजादी हजला जाण्यासाठी दाभोळला आली. काळ धामधुमीचा, समुद्रावर भय. जहाज सुटेना. शेवटी यात्रेसाठी आणलेले द्रव्य तिने ही मशीद बांधण्यात खर्च केले. गोष्ट खरी की रचलेली, हे इतिहासकारांनी पाहावे. मला ती आवडते, कारण त्यातली मक्का हुकली आणि दाभोळ मिळाले.

त्याच काळात शिवाजी महाराजांचे आरमार उभे राहत होते. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः मालवणहून जहाजांचा ताफा घेऊन कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. त्या आरमाराच्या प्रमुखांत दौलतखान होता. आमच्या वेळच्या शाळेत जंजिऱ्याचा सिद्दी तेवढा लक्षात राहिला, दौलतखान परीक्षेला कधी आला नाही. मला वाटते, नानांसारख्यांचे पूर्वज दोन्हीकडच्या जहाजांवर असणार. खलाशाला वारा कुणाच्या बाजूचा, हे आधी पाहावे लागते.

असो. आगबोटीकडे परत येतो. इंग्रजी कंपन्यांच्या बोटींना उत्तर म्हणून स्वदेशीच्या लाटेत एक देशी कंपनी निघाली होती. लोक तिला मायेने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींची नावे संतांची. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात तिच्या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’. आणि १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, तेव्हा मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतले मासे समुद्रात ओतून देऊन माणसे उचलली, असे सांगतात. नाना त्या दिवशी मुंबईत होते. त्या दिवसाबद्दल त्यांनी आम्हाला काहीच सांगितले नाही. फक्त रेवसचे नाव ते आपल्या यादीत कधी घेत नसत.

मी देहूच्या शेजारी राहतो, म्हणून ‘तुकाराम’ हे नाव मला जास्त लागते. इंद्रायणीत बुडवलेले अभंग तेराव्या दिवशी वर आले, ही श्रद्धा आमच्या परिसरात हवेसारखी आहे. समुद्रातून ‘तुकाराम’ वर आली नाही.

पुढे या मार्गावर मोगल लाइनच्या ‘कोकण शक्ती’ आणि ‘कोकण सेवक’ या बोटी धावू लागल्या. गंमत पाहा, हीच मोगल लाइन मुंबईहून जेद्द्याला हाजींच्या बोटी नेत असे. आमच्या घरात ‘बोट’ या एकाच शब्दात गावही होते आणि मक्काही. १९८६ साली ही कंपनी शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. त्या दशकाच्या अखेरीस कोकणची बोट थांबली, १९९५ पासून हजची बोटही बंद झाली. खाड्यांवर पूल झाले, एसटी दारात आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. सोय झाली, यात वाद नाही. पडावात पाय घसरून पडलेल्या बाईला विचारा, ती जुन्या दिवसांसाठी रडणार नाही. पण रेल्वे आणि महामार्ग बंदरापासून आत, डोंगराकडून गेले. गावांची तोंडे समुद्राकडे होती, ती पाठ झाली.

मागच्या हिवाळ्यात मुलाला घेऊन मी दाभोळला गेलो, मोटारीने. खाडीपलीकडे धोपाव्याला जाणारी फेरीबोट २००३ पासून तिथे चालू आहे. मोटारी, दुचाक्या, कोंबड्यांच्या पाट्या, सगळे एकत्र पलीकडे जाते. काही मिनिटांचा प्रवास. मुलगा कठड्याला टेकून उभा होता. मी त्याला खाडीचे तोंड दाखवले आणि म्हटले, तिथे बाहेर बोट उभी राहायची, आणि इथून पडाव जायचे.

मशिदीच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. सलाम झाला. त्यांनी विचारले, ‘कुठले?’

‘तळवड्याचे,’ मी म्हणालो.

‘सावंतवाडीचे? म्हणजे वेंगुर्ल्याला उतरायचे तुम्ही.’

पुण्याजवळचे, असे सांगणार होतो. पण मुलाने माझ्याआधीच विचारले, ‘आणि वेंगुर्ल्याच्या आधी कुठे थांबायची?’

त्यांनी डोळे मिटले आणि मुंबईपासून सुरुवात केली.