राखुंडी, मशेरी आणि पालकत्व : किहीम परिसराच्या संदर्भात बालकांच्या दंतसवयींचा इतिहास

प्रस्तावना :
बालकांच्या दंतारोग्याचा विचार बहुधा शालेय तपासणीपासून सुरू होतो. वास्तविक मूल शाळेत जाण्यापूर्वीच त्याच्या मुखविषयक सवयी घरात घडलेल्या असतात. किहीम (ता. अलिबाग) हे गाव ज्या जिल्ह्यात मोडते, त्या पूर्वीच्या कुलाबा व १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील तसेच एकूण कोकणातील दंतधावनाच्या रूढी लक्षात घेऊन या घरगुती वारशाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पारंपरिक दंतधावन :
वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दंतधावनाला दिनचर्येत स्थान दिलेले आहे. भातशेतीच्या या किनारपट्टीत मात्र ही शिकवण ग्रंथांतून नव्हे, तर अंगणातून रुजली. शेणीची किंवा तुसाची राख, त्यात मीठ, कधी कडुनिंबाची काडी, एवढी सामग्री पुरेशी असे. वडीलधाऱ्यांशेजारी बसून मुले राखुंडी लावण्यास शिकत. १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी 'विको'ची स्थापना केली. अशा उद्योगांमुळे तयार दंतमंजन घरोघरी पोहोचले, तरी अनुकरणाची रीत तीच राहिली.

मशेरीचा वारसा :
याच रीतीने मशेरीही पुढील पिढीकडे आली. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू दात घासण्यासाठी म्हणून प्रथम बोटावर येते आणि पुढे दिवसातून अनेकदा लावण्याचे व्यसन बनते. मुंबईतील ९९,५९८ व्यक्तींच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखूसेवन करणाऱ्या आढळल्या. हे सेवन जवळजवळ सर्वस्वी धूररहित होते व त्यात मशेरीचे प्रमाण मोठे होते. आईच्या हातातील मशेरी 'दात स्वच्छ करण्याचे साधन' म्हणून पाहणाऱ्या मुलीला त्यात व्यसन दिसत नाही, हीच या रूढीची खरी शक्ती होय.

१९९२ मध्ये केंद्र शासनाने दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास मनाई केली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरविली. तथापि ही मनाई विक्रीच्या उत्पादनांना लागू होती. घरच्या तव्यावरील मशेरी तिच्या कक्षेबाहेरच राहिली.

शास्त्रीय आधार :
पालकांचा प्रभाव केवळ अनुकरणापुरता मर्यादित नाही. दंतक्षयास कारणीभूत होणारे जंतू प्रामुख्याने आईच्या लाळेतून बालकाकडे जातात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मातांच्या लाळेतील या जंतूंचे प्रमाण घटविल्यास बालकांतील त्यांचा शिरकाव लांबतो, असे दिसून आले. आपल्याकडे मऊ घास चावून भरविणे किंवा एकाच चमच्याने खाऊ घालणे हे मायेचे लक्षण मानले जाते. ही माया दोषार्ह नाही. उपचाराविना राहिलेले पालकांचे किडके दात हा खरा प्रश्न आहे.

निष्कर्ष :
१. बालकांच्या दंतसवयींचा उगम पालकांच्या दैनंदिन आचरणात आहे.
२. कायद्याने बाजारातील उत्पादन बदलते. घरातील रूढी बदलण्यासाठी मातांशी थेट संवाद आवश्यक ठरतो.
३. शालेय दंततपासणीला गर्भवती व स्तनदा मातांच्या दंतोपचाराची जोड द्यावी. किहीमसारख्या गावांत हे कार्य अंगणवाडीच्या माध्यमातून होऊ शकते.

राखुंडी ज्या वाटेने पुढच्या पिढीकडे गेली, त्याच वाटेने मशेरीही गेली. आरोग्यशिक्षणालाही तीच वाट धरावी लागेल.