केअरर्स अलाउन्स : घरभेटीच्या वेळी काय सांगावे?



घरातील वृद्ध किंवा आजारी माणसाची पूर्णवेळ काळजी घेणाऱ्यांसाठी आयर्लंडमध्ये दोन मुख्य योजना आहेत. केअरर्स अलाउन्स उत्पन्न तपासून मिळतो. पीआरएसआय भरणाऱ्याने काळजीसाठी नोकरी सोडली, तर केअरर्स बेनिफिट एका व्यक्तीमागे जास्तीत जास्त १०४ आठवडे मिळतो.

क्लोनडॉकिनमध्ये चौकशीसाठी नाइन्थ लॉक रोडवर इंट्रिओ केंद्र आहे; अलाउन्सचा निर्णय मात्र लाँगफर्डच्या कार्यालयात होतो. अर्जानंतर सोशल वेल्फेअर इन्स्पेक्टर घरी येऊ शकतात. ते स्वतः निर्णय देत नाहीत, अहवाल पाठवतात. डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय भाग खात्याचे मेडिकल असेसर तपासतात.

आपल्या घरांची अडचण इथेच होते. कोणी येणार म्हटले की आपण घर आवरतो, आईंना चांगली साडी नेसवतो आणि "कसं चाललंय?" या प्रश्नाला "बरं चाललंय" म्हणतो. आईही संकोचाने म्हणतात, "माझं मी सगळं करते." मग अहवालातही तेच जाते!

खात्याची कसोटी वेगळी आहे. खाणे, आंघोळ, कपडे घालणे, चालणे यांसाठी दिवसभर वारंवार मदत लागते का, किंवा धोका टाळण्यासाठी सतत लक्ष ठेवावे लागते का, आणि ही गरज किमान १२ महिने राहील का, हे पाहिले जाते. म्हणून आम्ही सुचवतो:

१. आठवडाभर वही ठेवा. रात्री किती वेळा उठावे लागले, कोण कधी पडले, गॅस चालू राहिला का, हे तारखेसह लिहा.
२. चांगल्या दिवसाबरोबर वाईट दिवसही सांगा. वाढवू नका, लपवूही नका.
३. बँक स्टेटमेंट, पगारपत्रके, औषधांची यादी आणि हॉस्पिटलची पत्रे एका फाइलमध्ये ठेवा.
४. आई-बाबांना इंग्रजी जमत नसेल तर दुभाष्याची मागणी आधीच करा. नातवंडांना मध्ये घालू नका. आजीला अंथरूण ओले होते हे नातवासमोर सांगवत नाही.
५. आलेल्या व्यक्तीचे ओळखपत्र अवश्य पाहा.

अर्ज नाकारला गेल्यास नव्या पुराव्यासह फेरविचार मागता येतो किंवा अपील करता येते. मुदत निर्णयाच्या पत्रात पाहावी. सिटिझन्स इन्फर्मेशन सेंटरमध्ये यासाठी मोफत मदत मिळते.

सेवा करतो हे बोलून दाखवायची आपल्याला सवय नाही. पण इथे ते स्पष्ट सांगणे म्हणजे तक्रार नव्हे, अर्जाचाच भाग आहे.